चिरांवरची चांदी

मित्रांनो, मी बाहेरून फार साधा दिसतो. होडीच्या छपरावर एक लोखंडी खांब, त्यावर प्लास्टिकची आडवी पांढरी पेटी आणि ती पेटी सतत गरागरा फिरते. गावातली पोरं मला 'पंखा' म्हणतात. पण मी वारा घालत नाही. मी एका जुन्या रडारचा डोळा आहे. ज्या चिरांमधून मी पाहतो त्या आतल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर आहेत आणि बाहेरून कोणालाच दिसत नाहीत. त्यामुळेच एकदा फार मोठी चूक झाली. ती आठवली की आजही फिरता फिरता माझ्या अंगाला कापरं भरतं.

माझा जन्म तळोज्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे संध्याताई नावाची बाई धातू कापायच्या यंत्रावर बसायची. तिच्यापुढे मी आलो तेव्हा एक गुळगुळीत चौकोनी नळी होतो. मला वाटलं, आपण आता छान झालो, आपल्याला कशाला कोणी कापेल? तेवढ्यात यंत्राचं पातं खाली आलं. एक चीर पडली. जरा सरकून दुसरी. तिसरी उलट्या बाजूला कललेली. मी घाबरून गेलो. वाटलं, ही बाई आपलं भंगार करते आहे.

शेजारच्या यंत्रावर अंकुश होता. तो तिची चेष्टा करायचा. "संध्याताई, तुमी चीर मोजायला बसलात की घड्याळ पन थांबतं बघा. डबा गार झाला."

"डबा गरम करता येईल," ती मान वर न करता म्हणाली. "ही चीर केसभर इकडेतिकडे झाली ना, तर कुणाचीतरी होडी कशावर तरी आपटेल. मग काय गरम करशील?"

ती कापता कापता हरिपाठ गुणगुणत होती. कापून झाल्यावर चिरांच्या कडेला राहिलेली धातूची बारीक कुसं तिने हलक्या हाताने कानशीने काढली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला मोडत नाहीत, घडवत आहेत.

चिरांचं काम असं असतं मित्रांनो. माझ्या नळीतून एक लाट धावते. ती डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. ती धावते तेव्हा नळीच्या भिंतीवरून वीज वाहते. विजेच्या वाटेत तिरकी चीर आली की वीज अडते आणि तिथून लाट थोडीशी बाहेर पडते. चीर किती तिरकी, यावर किती लाट बाहेर पडेल ते ठरतं. एकट्या चिरेची लाट म्हणजे अगदी क्षीण, चहूकडे विखुरणारी. पण सगळ्या चिरा नेमक्या अंतरावर असल्या तर सगळ्यांच्या लाटा एकाच ठेक्यात बाहेर पडतात आणि त्यांचा मिळून एक सरळ झोत होतो. तुम्ही कीर्तनात टाळकरी उभे राहिलेले पाहिले असतील. एकाचा टाळ अंगणापलीकडे जात नाही. ओळीने सगळे एका ठेक्यात आले की गजर पार खाडीच्या पलीकडे पोचतो. माझ्या अंगात तशी टाळकऱ्यांची ओळ उभी आहे. तो झोत मैलभर जातो, जहाजावर, खांबावर, खडकावर आपटतो, परत माझ्याकडे येतो आणि खाली पडद्यावर ठिपका उमटतो. मग होडी चालवणाऱ्याला कळतं, समोर काहीतरी आहे.

मी आलो तो बेलापूरजवळच्या खाडीकाठच्या एका गावात, शिवाच्या होडीवर. होडीचं नाव 'गावदेवी प्रसन्न'. शिवाचा बाप बाजीराव माघातल्या एका सकाळी धुक्यात गेला होता. त्याच्या होडीची एक फळी तेवढी परत आली. त्याची बायको काशी तेव्हापासून धुकं दिसलं की धक्क्यावर येऊन बसायची, मुलगा परत येईपर्यंत उठायची नाही. म्हणून शिवाने मला आणलं. मला बसवलं त्या दिवशी काशीने खांबाला नारळ वाढवला, माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाली, "पोरावर डोला ठेव रं बाबा. मी तुला कधी इसरनार नाय."

खरं सांगतो, त्या दिवसापासून मी भीतीतच जगलो. ज्याच्यावर एका आईचा एवढा भरवसा असतो त्याला निवांत फिरता येत नाही.

होडीत माझा एक सोबती आहे. तो खाली, पाण्याच्या आत असतो. पंख्याचा दांडा, म्हणजे होडीला पुढे ढकलणाऱ्या खऱ्या पंख्याचा, ज्या रबरी नळकांड्यातून जातो ना, तो माझा सोबती. त्याच्या आतल्या अंगाला लांब लांब खोबणी आहेत. त्या खोबणींतून खाडीचं पाणी वाहतं. ते पाणीच त्याला गार ठेवतं, तेच वंगणाचं काम करतं, आणि आत शिरलेली रेती बाहेर नेतं. होडीच्या लाकडातून त्याची थरथर माझ्यापर्यंत येते. त्याची भीती एकच. "खोबण बुजली तर मी जळेन," असं तो म्हणायचा. माझी भीतीही तीच होती. त्याच्या फटीतून पाणी जातं, माझ्या फटीतून लाट जाते. फट बुजली की दोघंही संपलो.

काही वर्षं माझं फार कौतुक झालं. पावसाच्या झडीत मी शिवाला खडक दाखवले. एकदा बंद पडलेला मचवा दाखवला. गावात होड्यांवर पहिला डोळा माझाच होता. लोक म्हणायचे, काशीच्या पोराला देवीनं दोन डोळे दिले आणि तिसरा वर बसवला. काशीने हे बोलणं मनावर घेतलं. शिवा सुखरूप राहिला तर देवीला चांदीचे डोळे वाहीन, असा तिचा नवस होता. एका माघात तो नवस फेडायचं तिने ठरवलं.

दर माघात सप्ताह उठला की गावदेवीचा मुखवटा पालखीत बसवून होडीने पलीकडच्या गावी, तिच्या बहिणीकडे नेतात. रस्ता झाला, पूल झाला, तरी देवी बहिणीकडे पाण्यानेच जाते. त्या वर्षी हा मान शिवाच्या होडीला मिळाला. सप्ताहात निशिगंधाताईंचं कीर्तन होतं. त्या बेलापूरच्या सीबीडी भागातल्या एका कचेरीत नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तनाला उभ्या राहतात. देवीच्या डोळ्यांवर त्या असं काही बोलल्या की बायकांचे पदर ओले झाले. मी धक्क्यावरून ऐकत होतो. काशी त्या रात्री मुखवट्याला चांदीचे डोळे लावून घरी गेली आणि सकाळी हातात ब्रश घेऊन होडीवर आली.

तिच्याबरोबर चंदेरी रंगाचा डबा होता आणि थिनरची बाटली. शिवा जाळी उतरवत होता. त्याने विचारलं, "आये, काय करतेस?"

"देवीला चांदीचं डोलं लावलं. हा वरचा डोला तसाच ठेवू? बरा दिसल का? पालखी याच्याखाली बसनार हाय."

"लाव. पन सांभाळून चढ."

बस, एवढंच बोलणं झालं. शिवाला माझ्या चिरा ठाऊक नव्हत्या. काशीला तर नव्हत्याच. त्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची बारीक भुकटी असते, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असेलही, पण ते वाचतं कोण? तिने माझ्या तोंडावरून एक हात फिरवला. वाळल्यावर दुसरा. मग मन भरेना म्हणून तिसरा. तिच्या हातात इतकी माया होती की आधी मला बरंच वाटलं. मी उन्हात चमकलो. पोरं टाळ्या पिटत होती. आणि मग मला हळूहळू कळलं की माझ्यासमोर भिंत उभी राहिली आहे. संध्याताईने केसभरही हलू न दिलेल्या सगळ्या चिरांपुढे एकच धातूचा पडदा आला होता; प्लास्टिकमधून माझी लाट जाते, धातूतून जात नाही.

ओरडायला मला गळा नाही, मित्रांनो. ऊन असताना मला कोणी सुरूही करत नाही. म्हणजे शिवाला कळायचा मार्गच नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. पालखी माझ्या खालच्या बाजूला, छपरापुढच्या फळीवर बांधली. टाळकरी बसले, बायका बसल्या, निशिगंधाताई बसल्या. कडेवरची दोन-तीन लेकरंही होती. काशी पालखीला हात लावून बसली होती. खाडीच्या तोंडाशी आलो आणि समोरून धुकं आलं. पाण्यावरून सरकत, आवाज न करता, एखादी ओली चादर ओढावी तसं. आधी उलव्याच्या इमारती गेल्या. मग किनारा गेला. मग होडीचं नाकही दिसेना.

टाळ थांबले. कोणीतरी म्हणालं, "मागं फिरू या का?"

"टेन्शन नका घेऊ," शिवा म्हणाला. "आपला पंखा हाय." आणि त्याने मला सुरू केलं.

मी फिरू लागलो. नळीतून लाट धावली, चिरांतून बाहेर पडली आणि चांदीवर आपटून उलटी माझ्याच अंगात शिरली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. मी आतल्या आत घुसमटत होतो. आणि खाली पडदा? पडदा अगदी स्वच्छ होता. मधोमध थोडी खरखर, बाकी काही नाही. शिवाने तो पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला त्या हसण्याची फार भीती वाटली. मी आंधळा आहे हे कळलं असतं तर तो थांबला असता. पण आंधळ्याचा पडदा आणि मोकळ्या समुद्राचा पडदा सारखाच दिसतो.

"समोर एकदम क्लियर हाय," तो म्हणाला आणि त्याने वेग वाढवला.

खालून माझ्या सोबत्याची थरथर आली. त्याच्या खोबणींतून पाणी जोराने वाहत होतं. "ओहोटी लागली आहे," तो सांगत होता. "पाणी आपल्याला बाहेर ओढतंय." त्याला कळत होतं, मला कळत होतं, पण माणसांना सांगणार कसं? निशिगंधाताईंनी पुन्हा अभंग धरला. त्या आवाजात माझ्या गरागरा फिरण्याचा आवाज बुडून गेला.

मग वरून घुं घुं असा आवाज येऊ लागला. आधी लांबून, मग डोक्यावर. काशीने मान वर केली. वर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

"शिवा," ती म्हणाली, "ह्या गाड्या वाजतान ना?"

"हो, पूल आला वाटतं. सागरी सेतू."

"मंग तुझ्या टीव्हीत पूल कुठं हाय? एवढाले खांब हायेत त्याचे."

शिवाने पडद्याकडे पाहिलं. त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्याने हात पुढे नेऊन काच पुसली, जणू काही पूल काचेवरच्या दवाखाली असेल. तेवढ्यात धुक्यातून खांब निघाला. राखाडी, ओला, शेवाळलेला, इतका जवळ की एका बाईने हात पुढे केला. शिवाने सुकाणू मारलं. होडी आडवी झाली, पालखी कलली, काशीने अंगाने तिला अडवलं. खांब आमच्या कुशीला घासून मागे गेला आणि पुन्हा धुक्यात बुडाला.

एक लेकरू रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला छातीशी घट्ट धरलं. शिवाने इंजिन बंद केलं. नांगर टाकला. पण ओहोटी होडीला पुलाखालून बाहेर घेऊन गेली होती आणि नांगराने चिखल धरला तो थेट माल वाहणाऱ्या बार्जच्या वाटेवर. शिवाने वायरलेसवर हाक दिली. उत्तरात नुसती खरखर आली.

आणि त्या खरखरीमागून एक धडधड ऐकू आली. जड, संथ, लोखंडी. ती कुठून येते ते कळेना. धुक्यात आवाज सगळीकडून येतो. बाजीराव गेला तेव्हाही अशीच धडधड आली असेल का? काशीच्या मनात तेच असावं. तिने पालखीचा दांडा इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"परवापर्यंत हा बराबर चालत होता," शिवा स्वतःशीच बोलत होता. "फ्यूज बराबर हाय. वायर बराबर हाय. काय बदलला मंग? काय बदलला?" त्याची नजर वर आली. माझ्यावर थांबली. मग आईकडे गेली.

काशीला ती नजर कळली. "मी लावलेला रंग," ती म्हणाली. "माझ्या चांदीनं डोला मिटला."

शिवाने मला बंद केलं. काशी उठली. होडीच्या पुढच्या खणात थिनरची बाटली होती, परतताना रंगाला हात मारायला म्हणून तिनेच ठेवलेली. ती पदर खोचून छपरावर चढली. फडक्याने रंग चोळला. वरचा थर सुटला, खालचे सुटेनात. सुरी चालवली असती तर पेटी फाटली असती. "खरडायला काय तरी द्या," ती म्हणाली. "बोथट पायजे."

निशिगंधाताईंनी आपल्या हातातले टाळ वर केले.

काशी मागे सरली. "ताई, हे देवाचं हाय. यानं खरडू?"

"खरडा काशीताई," त्या म्हणाल्या. "देवाला वाट करून देण्यासाठीच असतात ते. बाकीच्यांनी वाजवत राहा रे. जोरात. त्या बार्जवाल्याला कळू दे इथे माणसं आहेत."

खाली टाळ कडकडू लागले आणि वर पितळेची कड माझ्या तोंडावर चालू लागली. कर्र, कर्र. धडधड जवळ येत होती. काशीच्या डोळ्यांत थिनरची वाफ जाऊन पाणी वाहत होतं, पण ती थांबत नव्हती. माझा मधला भाग मोकळा झाला. दोन्ही टोकं अजून चंदेरीच होती. शिवा खालून ओरडला, "बस आये, हो बाजूला. चालू करतो."

मी फिरलो. अर्ध्याच चिरांनी पाहत होतो. झोत पसरट झाला होता, अशक्त झाला होता, ओळीतले निम्मे टाळकरी निघून गेल्यासारखा. तरी लाट बाहेर गेली. चांदीवर न आपटता बाहेर गेली आणि परत येताना काहीतरी घेऊन आली. पडद्यावर मागे पुलाचे खांब एकेक करून उमटले. आणि उजव्या अंगाला एक मोठा, धुरकट डाग, सरळ आमच्याकडे येणारा.

"उजवीकडून येतंय," शिवा म्हणाला. "नांगर तोडा. उचलत बसू नका, तोडा."

दोर तुटला. इंजिन लागलं. खाली माझ्या सोबत्याच्या खोबणींत पाणी घुसलं आणि दांडा फिरला. होडी डावीकडे निसटली. थोड्याच वेळात आम्ही होतो त्या जागेवरून एक लोखंडी भिंत सरकत गेली. गंजलेली, कोळशाने भरलेली, वरती माणूस दिसत नव्हता. तिच्या लाटेने होडी वर उचलली, खाली आपटली. टाळ अजून वाजतच होते. कोणाला थांबायचं भानच नव्हतं.

देवी बहिणीकडे पोचली. त्या संध्याकाळी निशिगंधाताईंनी कीर्तनात नेहमीचं आख्यान लावलं नाही. त्यांनी त्या सकाळचीच गोष्ट सांगितली आणि काशीचं नाव कुठेही घेतलं नाही. काशी मागे देवळाच्या खांबाला टेकून ऐकत होती. टाळांच्या कडांना अजून चंदेरी रंग होता.

मित्रांनो, माझा उरलेला रंग गावी परतल्यावर निघाला. आता मी म्हातारा झालो आहे. फिरताना कुरकुरतो. पेटीला तडे गेले आहेत. शिवा नव्या रडारची बोलणी करतो, म्हणजे माझी जागा एक दिवस भंगारात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. भीती मात्र गेलेली नाही. धक्क्यावर कोणी रंगाचा डबा उघडला, झाकणाचा तो 'टक्' आवाज आला, की माझ्या चिरा आवळल्यासारख्या होतात. मला कुणाचा राग नाही. काशीच्या मायेत काही खोट नव्हती. पण ज्या वस्तूवर तुम्ही माया करता, ती कशी जगते तेही एकदा विचारा. तुमच्या घरी, शाळेत, गाडीत, यंत्रावर कुठे फट दिसली, खोबण दिसली, जाळी दिसली, तर ती उगाच ठेवलेली नसते. बुजवण्याआधी, रंगवण्याआधी, कोणाला तरी विचारा.

काशी आता विचारते. कुंकू ती अजून लावते, पण माझ्या खांबाला. तोंड नुसत्या गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसते. परवा होडी वाळूवर ओढली होती. माझा सोबती कुरकुरत होता म्हणून शिवा ग्रीसचा डबा घेऊन त्याच्या खोबणी भरायला बसला. पहिलं बोट भरून घेतलंसुद्धा. माझ्या सोबत्याची भीती लाकडातून चढत माझ्यापर्यंत आली.

काशी भाकरी घेऊन आली होती. तिने डब्याकडे पाहिलं, खोबणीकडे पाहिलं आणि भाकरी खाली ठेवली.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याच्यातून काय जाता?"

"पानी."

"मंग त्याला जाऊ दे," म्हणत तिने शिवाचं बोट स्वतःच्या पदराला पुसलं.